तहकूबमामा

दारात यायचे, हात पालथा करायचे आन् म्हणायचे, "तहकूब." बास, येवडंच. तुमी सोलापूरच्या कोर्टात गेला असाल तर तुमीबी ऐकलं असंल की. लाल पट्टा लावलेले म्हातारे शिपाई हुते त्ये, समदी त्येन्ला मामा म्हणायची.

मी दुसरीतनं शाळा सोडलेली. नवऱ्यानं मला टाकलं आन् वर कोर्टात अर्ज केला, लेकरू मला द्या म्हणून. लेकरू अजून अंगावर पीत हुतं. पयल्या तारखेला मामांनी माजं नाव पुकारलं, नवऱ्याचं पुकारलं, मग म्हणाले तहकूब. आमच्या भवानी पेठेत याकूब बांगडीवाले हायत, मला वाटलं तसंच ह्येंचं नाव असंल, दोघांचं सांगून आपलंबी सांगत्यात. म्हणून फुडच्या तारखेला मी इचारलं, तहकूबमामा, आमाला कवा आत घेणार?

सगळा व्हरांडा हसला. वकील हसले, नवरा तर लईच. मामा तेवढे हसले न्हाईत. मला बाकड्यावर बसवलं.

"पोरी, तहकूब म्हंजे आज न्हाय. फुडं कवातरी."

"म्हंजे मी हरले?"

"न्हाय."

"जितले?"

"तेबी न्हाय. लेकरू कुणाच्या मांडीवर हाय?"

"माज्या."

"मग फुडच्या तारखेपातूर तितंच."

तवापासनं मला त्यो शब्द परसादावानी वाटाया लागला. सायेब रजेवर, तहकूब. नवऱ्याचा वकील आजारी, तहकूब. बाकीची माणसं कपाळाला हात लावायची, मी लेकराचा मुका घ्यायची. मामा लेकराला आपला पितळी बिल्ला चावायला द्यायचे. एकदा मी त्येंचे पायच धरले, म्हणलं दर बारीला त्येच म्हणा की. त्ये मागं सरले.

"मी निस्ता वरडतो गं बाई. ठरवतं आतलं माणूस."

मग एका तारखेला दारात दुसराच शिपाई. मामा कुटं इचारलं तर म्हणाला, काल वारले. मला भडभडून आलं, आन् खोटं कशाला सांगू, जीव थोडा खालीबी पडला. एक मोटे वकील वारले तवा सगळं कोर्ट बंद ठिवलेलं मी बघितलं हुतं. म्हणून म्हणलं, मग आज तहकूब असंल न्हवं?

"शिपायासाठी?" त्यो म्हणाला. "चला आत, सायेब बसल्यात."

नवरा उठून आत गेलाबी. मी लेकराला पदराखाली घेतलं, पन मामांनी बसवलेल्या बाकड्यावरच बसून ऱ्हायले, आन् त्यो नवा शिपाई माजंच नाव परत परत पुकारत हुता.