कानाडोळा करून पाहिलेला तारा

बदली वेल्ह्याला झाली तेव्हा बिऱ्हाड भोरलाच ठेवावे लागले. आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचे सगळे पत्नीच करत होती. मी वळकटी, स्टोव्ह आणि दुर्बीण घेऊन निघालो. पत्र्याची नळी एसटीच्या टपावर चढवली. दुर्बिणीतला सहा इंची आरसा मात्र मांडीवर धरून बसलो. तो मी भोरच्या ओसरीवर स्वतः घासून केला होता.

वेल्ह्यात जेवण झाले की अंगणात दुर्बीण लावायची, ठरावीक दीर्घिका पाहायच्या आणि आधी काढून ठेवलेल्या चित्रांशी ताडून बघायच्या, एवढाच माझा उद्योग. दूरच्या दीर्घिकेत एखाद्या ताऱ्याचा स्फोट झाला, तर तिच्या धुरकट डागात नवा ठिपका दिसतो. बहुतेक वेळा काहीच बदललेले नसे. असल्या मंद डागाकडे सरळ पाहिले की तो नाहीसा होतो; नजर जरा बाजूला ठेवली तर दिसतो. भोरला पत्नीला हे शिकवताना मी "कानाडोळा करून बघ" म्हणालो होतो. "तुम्हाला ते जमणारच," ती म्हणाली, "माझ्याकडे तुम्ही तसंच बघता." शब्द मात्र आमच्या घरात राहून गेला.

बहात्तरच्या मे महिन्यात, तोरण्याच्या डाव्या अंगाला, नरतुरंग तारकासमूहातल्या एका लहान दीर्घिकेच्या कडेला मला तारा दिसला. चित्रात तो नव्हता. भिंगावरची धूळ असेल म्हणून भिंग फिरवून पाहिले, नळी हलवून पाहिली. तारा जागचा हलेना. दुसऱ्या दिवशीही होता. पण कचेरीत एकाने केलेली बेरीज दुसऱ्याने तपासल्याशिवाय मी सही करत नसे. इथेही दुसऱ्या कोणी पाहिल्याशिवाय तारा पाहिला असे म्हणायला मन धजेना.

घरमालक शेजारीच शेळ्या बांधत होते. त्यांना बोलावले.

"काय दिसतंय?"

"लई झ्याक, भाऊसाहेब."

"डागाच्या कडेला चांदणी आहे का?"

"तुमी म्हंताय ना, मग हाय की."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"मग न्हाई. आपलं काय भांडान हाय का?"

एवढा मनमिळाऊ साक्षीदार माझ्या कामाचा नव्हता.

भोरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीचा कंडक्टर माझा निरोप घरी पोचवत असे. निरोप नेहमीचाच, "खुशाल आहे." त्या दिवशी मी म्हणालो, "घरी सांगा, दुसरा डोळा पाहिजे. संध्याकाळच्या गाडीनं ये म्हणावं." तो तिकिटे फाडता फाडता ऐकत होता.

संध्याकाळी पत्नी उतरली ती हातात डोळ्यांत घालायचे थेंब आणि मऊ फडके घेऊनच. जवळ येऊन तिने माझ्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने पाहिले.

"कुठला गेला?"

"काय?"

"डोळा! साहेबांचा एक डोळा गेलाय, दुसरा पाहिजे, असं सांगितलं त्यांनी."

"अगं, नवा तारा दिसलाय. तो तू बघायला हवास, म्हणून..."

ती पायरीवर बसली. "आईंना शेजारच्या काकूंवर टाकून आले मी. वाटेत काय काय आलं मनात माझ्या!" मग तिने भाकरी केली आणि मला वाढली.

उष्टी काढून झाल्यावर ती आपणहून दुर्बिणीपाशी आली. मी दीर्घिका लावून दिली; काय दिसायला हवे ते सांगितले नाही. तिने पुष्कळ वेळ पाहिले.

"डाग तोच आहे. कडेला एक चांदणी जास्त आहे." मग म्हणाली, "हिला कानाडोळा नको. सरळ बघितलं तरी दिसते."

वेल्ह्यात आल्यापासून दुर्बिणीतून खरेच पाहून कोणी माझ्याशी बोलले असे ते तेवढेच.

सकाळी, भोरहून वेधशाळेला करायच्या तारेचा मजकूर मी तिच्याजवळ दिला. गाडीत चढताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी नुसतं 'ये' म्हणा. एवढं मोठं कारण नको शोधायला."

वेधशाळेचे उत्तर आले. तारा खरा होता. पण दुसरीकडे तो माझ्या आधीच दिसला होता. घरमालकांना सांगितले तर ते म्हणाले, "म्या म्हणलंच व्हतं, हाय म्हून."

पुढे रोज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून मी त्याचे तेज अंदाजत राहिलो. ते उतरत गेले. मग तोरण्यावर ढग बसले आणि दुर्बीण घरात आली. संध्याकाळी एक ताट धुऊन झाले की करायला काही उरत नसे.

"काय साहेब," एका सकाळी कंडक्टरने विचारले, "आज काय सांगायचं? डोळा का कान?"

'ये' अगदी ओठांवर आले होते. पण तिकडे आईला कुशीवर वळवायलाही तीच होती, आणि इकडे दाखवायला तारा नव्हता.

"खुशाल आहे म्हणावं," मी म्हणालो.