फ्रॉक भिजला म्हणून नाही

कागद नीट जवळ धर गो, नि शेवटपर्यंत वाच. आईची चिठ्ठी आली की तब्येत बरी आहे एवढं बघून घडी घालतेस, ही तुझी जुनी खोड.

परवा फोन चालू असताना तू माझ्या नातीला सांगत होतीस, 'आमच्या कातकरवाडीतली एक होती, शेफारलेली. माझी पाटी फोडली तिनं.' मी ते ऐकलं. पण पाटी कशापायी फुटली, ते तुला ठाऊकच नाही.

तू तिसरीत होतीस. खळ्यावर भात झोडायचं काम चाललं होतं. ती नि तू, दोघी शाळेतनं धावत आलात नि पाणी मागितलंत. वाडीवरच्या माणसाला आपल्यात भांडं देत नव्हते, हातावर वरून ओतायचं. तिला ते माहीत. ती पायरीखाली वाकली, ओंजळ धरली. मी तांब्या तिरपा केला, तर तूही शेजारी तशीच वाकलीस.

'आये, मलापन असंच वत.'

तुला तो खेळ वाटला. खळ्यावरनं तुझी काकी हसून म्हणाली, 'पोरगी वाडीवरच द्यायची दिसते.' मी तुझ्या कानाखाली मारली.

का मारलं, विचारलंस. मी म्हटलं, फ्रॉक भिजवलास म्हणून. तुला पटलं. तिला नाही पटलं. तिनं ओंजळ सोडली, हात परकराला पुसले नि गेली.

मग ती वर्गात लांब बसायला लागली. तेव्हाही मीच म्हटलं, 'तिला शिंगं फुटलीत, तू नको जाव मागं.' तू तिला उंदीरखाऊ म्हणालीस, तिनं पाटी फोडली. मी वाडीवर जाऊन तिच्या आईला नाही नाही ते बोलले. पोर कुडाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. खरं सांगू शकली असती, पण बोलली नाही. त्या साली आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेली, ती शाळेत आलीच नाही.

तू शहापूरला नांदायला गेल्यावर म्हसाच्या जत्रेत दिसली, कडेवर मूल. मी पाण्याची बाटली पुढे केली. 'घे, तोंड लावून पी.'

'तुमच्या लेकीला द्या, काकी. मार तिनं खाल्ला.' एवढं म्हणून गर्दीत गेली.

शेफारलेली ती नव्हती. नातीला आता खरं सांग. राग येईल तुला, येऊ दे. फोनवर नको काढू, लवकर ये नि समोर बसून भांड.