कोरडी बाटली

आमच्या इलोइलो शहराच्या इस्पितळात लुर्देस माग्बानुआइतकी तळमळीनं शिकवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी भूल देणारी. कान-नाक-घशाच्या सर्जनांबरोबर माझी हयात गेली. ह्यांना सुरी कळते, कागद कळत नाही, हे मी तिला तोंडावर सांगायचे. "पालथ्या घड्यावर पाणी घालतेस, बाई!" ती नुसती हसायची. दर बुधवारी शिकाऊ डॉक्टरांना घेऊन बसायची. उपचारामागचा पुरावा कसा शोधायचा, कसा पारखायचा, ते समजावायची.

पण पहिल्या रांगेत बसायचे आमचे प्रमुख, हाब्लेरो सर. लुर्देसचेही गुरू. थायरॉईडच्या प्रत्येक ऑपरेशननंतर ते मानेत नळी ठेवत. आत रक्तस्राव झालाच तर रक्त नळीतून बाटलीत येईल आणि आपल्याला कळेल, असा त्यांचा हिशेब. त्यांच्यापुढे बोलायचं म्हटलं की पोरं आधी सरांचं मत काढून घेत, मग त्याला जुळणारा शोधनिबंध हुडकत. आधी कळस, मग पाया! त्या पोरांतल्या होवेन्सियोनंही तेच केलं. नळीवर भिस्त ठेवू नका म्हणणारे ढीगभर अभ्यास त्यानं वाचले होते. मांडला एकुलता एक, नळीच्या बाजूचा. लुर्देसला हे ठाऊक होतं. सर खूश झाले, तीही "छान" म्हणाली.

पुढं ला पाझच्या बाजारात बाचोय, म्हणजे शेवयांचं गरम सूप, विकणाऱ्या नेनिताचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. दुपारी तिची मान फुगायला लागली. बाटली कोरडी. होवेन्सियोनं फोन लावला, तर सर हारोच्या जत्रेत जेवत होते.

"बाटलीत रक्त आहे?"

"नाही, सर."

"मग झालं तर! मानेला हात लावू नकोस."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच! नळी गुठळीनं बुजली होती, रक्त आतच साचत होतं; टाके उघडून ते तिथल्या तिथे मोकळं करायला हवं होतं. मला बोलावलं तोवर श्वास कोंडला होता. नेनिता गेली. माझी अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

बुधवारी लुर्देस सगळ्यांपुढे उभी राहिली.

"होवेन्सियो, कोरड्या बाटलीवर विसंबू नये, हे वाचलं होतंस ना?"

"हो, मॅडम."

"मग टाके का नाही उघडलेस?"

"इंदाय, पोरी, पुरे आता," सर म्हणाले. "खाली बस."

लुर्देस बसली.

होवेन्सियो तिच्याकडे वळला. "तुम्ही आत्ता का बसलात, मॅडम? म्हणूनच नाही उघडले."