डेस्कटॉपवर काही नाही

कुरुळीत लॅपटॉप दुरुस्त करणारे एक भाऊ आहेत. विंडोज टाकताना मशीन अडलं की ते म्हणतात, "ह्यो जुना आजार हाय," आणि पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टमध्ये खोचतात. बहुतेकदा मशीन चालतं. त्यांच्या या शांतपणाचा मला रागच येतो. आमच्या कामगार संघटनेत इतक्या शांत माणसाला मालकाचा माणूस म्हणतात.

परवा संघटनेचा लॅपटॉप सुरूच होईना. कंत्राटी कामगारांच्या हजेरीकार्डांचे फोटो फक्त त्यातच होते आणि दुसऱ्या दिवशी कामगार कार्यालयात सुनावणी होती.

"सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे. सी उडवा आणि विंडोज टाका, पटकन," लॅपटॉप भाऊंपुढे ठेवत मी म्हणालो.

त्यांनी वही पुढे सरकवली. मी सही ठोकली.

"काय लिवलंय त्यात?"

मी ते वाचलंच नव्हतं. वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका, असं मी कामगारांना कंपनीच्या गेटवर घसा ताणून सांगत असतो.

"डेस्कटॉपवर माझं काही नाही, असं लिवलंय राव. समदे बिनधास्त सही करत्यात. डेस्कटॉप सीमध्येच असतो, ह्ये कुणाच्या ध्यानातच न्हाई."

त्यांनी आमची डिस्क काढून स्वतःच्या मशीनला जोडली. सगळी हजेरीकार्डं डेस्कटॉपवरच होती.

ते हसले नाहीत. फोटो कॉपीला लावून त्यांनी माझ्या सहीवर काट मारली आणि वही परत माझ्यापुढे ठेवली.

"आता बसा, अन् सावकाश वाचा."

चारच ओळी होत्या. मी दोनदा वाचल्या.