जव्हारच्या वाटेवरची वेठ

त्र्यंबकहून बैलगाडी निघाली तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि रस्ता म्हणून जे काही होते, त्यात अजून पाणीच होते. माझ्या मावसबहिणीचे यजमान जव्हारला कारकून. तिचे तिसरे बाळंतपण जवळ आलेले आणि मी नाशिकच्या दवाखान्यात सुईणीचे काम शिकलेली, म्हणून मला बोलावणे. डोंगर तेरड्याने गुलाबी झाले होते खरे, पण हाडे खिळखिळी होत असताना शोभेकडे लक्ष कुणाचे जाते?

मोखाडा मागे टाकून बरेच पुढे आलो आणि उतारावर गाडीचा आस मोडला. जवळच्या पाड्याच्या (वस्तीच्या) पाटलाने माझे सामान न्यायला दोन बायका वेठीला (फुकटच्या सक्तीच्या हमालीला) धरून आणल्या. पुरुष म्हणे लाकूडतोडीला रानात गेले होते. त्यातली बुधी नावाची बाई आठव्या महिन्यातली गरोदर होती.

हिला परत पाठवा, असे मी पाटलाला सांगितले. तो म्हणाला, "यांना सवय असते, बाईसाहेब." सवयीने पोट हलके होते काय, असे विचारून मी ट्रंकेची कडी घट्ट धरून ठेवली. त्यावर चिडली ती बुधीच.

"मी गेली नाय तं सासूला धाडतील. तिला ताप हाय. सोड, बाय."

शेवटी गाडी दुरुस्त झाल्यावर आणायला सांगून ट्रंक गाडीवानाच्या हवाली केली. दुसऱ्या बाईने वळकटी घेतली, औषधांची पिशवी मी खांद्याला लावली आणि बुधीच्या हाती नुसता पाण्याचा तांब्या दिला. पाटलाला त्याचे काही नव्हते. दोन माणसे गेल्याशी कारण.

ओढ्यावर टेकलो तेव्हा मी बुधीची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक. काल काय खाल्लेस म्हटले, तर कडूकांदा (रानातला कंद, उकडून वाहत्या पाण्यात ठेवला तरच खाण्याजोगा होतो). तोही नवरा, सासू, पोरगी यांचे झाल्यावर उरेल तेवढा. नागली (नाचणी) अजून शेतात उभी होती. मी दशम्या काढून दिल्या. ती त्या पदरात बांधू लागली तेव्हा माझा संयम सुटला. इथेच, माझ्यासमोर खा, म्हणून मी दरडावले. तिने खाल्ले, पण सारा वेळ माझ्याकडे रागाने पाहत. पुढे चालताना तिने सहज सांगावे तसे सांगितले, की पहिला मुलगा लावणीच्या चिखलातच झाला. तो राहिला नाही.

जव्हारला बहिणीच्या घरी उलटाच प्रकार. वारा लागेल म्हणून तिला खिडक्या लावून अंधाऱ्या खोलीत निजवलेले. एक खिडकी उघडायला तिच्या सासूबाईंशी भांडावे लागले. मुलगी झाली, दोघी सुखरूप. सासूबाईंचे तोंड मात्र बारशापर्यंत उतरलेलेच. मधल्या दिवसांत मी मेहुण्यांच्या मागे लागून एका अंमलदाराला भेटले. गरोदर बायकांना तरी वेठीतून सोडा, म्हटले.

"त्यांना धरू नये असा हुकूम आहेच," ते शांतपणे म्हणाले.

तो हुकूम पाड्यावर कुणाला ठाऊक आहे, असे मी विचारले. त्यांनी चहा मागवला.

परतताना मुद्दाम पाड्यावर थांबले. बुधी वेळेआधीच बाळंत झाली होती. मूल मुठीएवढे, पण खणखणीत रडत होते. त्या रडण्याने मला जरा धीर आला. ती स्वतः मात्र गवताचा भारा डोक्यावरून उतरवत होती. मी तिला रक्तवाढीच्या औषधाची बाटली दिली आणि दोन्ही वेळा जेवण झाल्यावर चमचाभर घ्यायचे, असे पुन्हा पुन्हा समजावले.

तिने बाटली हातात फिरवून पाहिली. मग म्हणाली, "सांजचा जेवतो आम्ही. दुसऱ्यांदा कवा घेऊ?"

तक्रारीचा सूर नव्हता. ती खरोखरच विचारत होती. सांजच्यालाच घे, असे काहीतरी मी बोलले आणि गाडीत बसले.

नाशिकला आल्यापासून दवाखान्यात मला विचारतात, तिकडच्या बायकांत कोणता आजार जास्त. मी म्हणते, रक्तक्षय. शब्द बिनचूक आहे; डॉक्टर मान डोलावतात. आणि दर वेळी मला माझ्याच उत्तराचा संताप येतो.