वस्तऱ्याखालचा गळा

नव्वदच्या दशकात मी सुरतेत पॉवरलूमवर कामाला लागलो. ब्लेडचा खर्च कायमचा सुटावा म्हणून जुन्या बाजारातून एक वस्तरा आणला. लूमच्या टाकाऊ चामडी पट्ट्यावर घासून त्याला धार लावली आणि चाळीच्या नळाजवळ आरसा टांगून उभा राहिलो. दोनदा वस्तरा गळ्याशी नेला आणि दोनदा खाली घेतला.

पाणी भरायला आलेला धुळ्याकडचा एक पन्नाशीचा माणूस हे बघत होता. ओळख ना पाळख, पण तो सरळ माझ्यासमोर उलट्या डब्यावर बसला. माझाच साबण तोंडाला फासून त्याने मान मागे टाकली.

"पहिले माझी दाढी कर."

"अहो, कापलं तर?"

"सोताच्या गळ्यावर माणूस कसाही हात चालवतो, भाऊ. दुसऱ्याच्या गळ्यावर जपून चालवतो."

त्याने डोळे मिटून घेतले. पातं गालावरून गळ्यावर उतरलं, तेवढ्यात त्याने आवंढा गिळला. पात्याखाली गळ्याची घाटी हलली. मी पातं तिथंच थांबवलं, मग पुढे सरकवलं. रक्ताचा थेंबही आला नाही.

"जमलं की!" तोंड धुऊन तो हसला, हंडा खांद्यावर घेऊन गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

डब्यापुढच्या ओल्या मातीत मात्र त्याच्या पायांची दहाही बोटं रुतल्याच्या खोल खुणा होत्या.