वरणातली गोळी

सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत कुसुमताईंच्या अंबाडीच्या वरणाचं मोठं नाव. बाई मायाळू, पण हट्टी म्हणजे किती! नवऱ्यानं काय घालायचं, पोरानं काय शिकायचं, सगळं त्याच ठरवणार. नवरा मुकाट्यानं हौ म्हणायचा, एकुलता एक केदारही हौ म्हणायचा. आणि एकोणीस वर्षांचा हा केदार दिलसुखनगरच्या क्लासला जायचाच बंद झाला. दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून पडायचा. म्हणाला, "आई, सकाळ झाली की नको वाटतं. उठावंच वाटत नाही."

ताईंनी त्याच दिवशी त्याला मनाच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. बाईंनी एक गोळी सुचवली, तिचा गुण सांगितला, त्रासही सांगितला, आणि चक्क केदारलाच विचारलं, "घेशील का? की आधी नुसतं बोलत राहू या?"

अगं बाई! पोराला विचारायचं? तापाची गोळी देताना कुणी विचारतं का? ताई चाटच पडल्या. केदार म्हणाला, "आत्ता नक्को. विचार करून सांगतो." बाईंनी ठरलं तर सुरू करा म्हणून चिठ्ठी लिहून दिली आणि बजावलं, बळजबरी करायची नाही.

पण ताईंना कुठला दम! पोरगं डोळ्यांदेखत हातचं चाललंय, आणि म्हणे विचार करतो! त्यांनी गोळ्या आणल्या, खलबत्त्यात कुटून रोज एक त्याच्या वरणात कालवू लागल्या. अंबाडीच्या आंबटापुढं कडू कुठं कळतंय? समोर बसून आग्रहानं वाढायच्या. पोरगं हळूहळू उठायला लागलं, क्लासलाही गेलं. ताई मनात म्हणाल्या, बघा, आईला कळतं.

मग एका दुपारी तो क्लासच्या जिन्यावर गरगरून पडला. कपाळाला टाके पडले. ताईंनी त्याला तडक डॉक्टरबाईंकडं आणलं.

"गोळी किती घेतोस?" बाईंनी विचारलं.

"एकच. आपलं ठरलं होतं तेवढीच."

"आपलं म्हणजे? कुणाचं ठरलं?" ताईंनी विचारलं. तेव्हा कळलं. केदार मधेच एकदा एकटाच बसनं इथं येऊन गेला होता. मनातलं सगळं विचारून घेऊन आपणहून हो म्हणाला होता, गोळ्यांची वेगळी चिठ्ठीही घेऊन गेला होता. नीट बरं वाटलं की आईला सांगणार होता.

ताई म्हणाल्या, "अरे देवा! मी पण रोज एक देत होते रे. वरणातून."

केदारनं आपली खुर्ची त्यांच्यापासून लांब सरकवली. ओरडला असता तर परवडलं असतं. बाईंनी ताईंना चार शब्द सुनावले, वरणातलं औषध तिथंच बंद करवलं, आणि केदारकडं वळल्या. "आता पुढं कसं करायचं, तू सांग."

"गोळी घेईन. माझ्या हातानं." मग खाली बघत म्हणाला, "पण घरी जेवायची भीती वाटते."

"काय केलं तर वाटणार नाही?"

"आईनं माझ्या ताटातलं आधी खायचं. माझ्यासमोर."

"चालेल तुम्हाला?" बाईंनी ताईंना विचारलं. जन्मदात्या आईला हे विचारतात! ताईंनी मान तेवढी हलवली.

त्या संध्याकाळी ताईंनी पिठलं-भाकरी केली. उभा जन्म सगळ्यांच्या मागून जेवलेली बाई, तिनं पोराच्या ताटातला पहिला घास मोडून तोंडात घातला. केदार टक लावून बघत होता. त्यांनी तो घास गिळेपर्यंत त्यानं भाकरीला हात लावला नाही.